हिवाळ्यात चरायला सोडलेल्या शेळ्या वारंवार आजारी पडतात : कारण कसे शोधावे

लक्षणे

नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री गार होऊ लागल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर या पट्ट्यातल्या शेळ्यांच्या कळपांत एक ठरावीक तक्रार सुरू होते आणि ती फेब्रुवारी उजाडेपर्यंत पाठ सोडत नाही. पहाटे शेळ्या उठताच खोकतात, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव वाहतो, अंगावरचे केस उभे राहतात आणि एखादी शेळी पाठ वाकवून, चारी पाय एकत्र घेऊन उन्हाच्या तिरिपेत निमूट उभी राहते. काही कळपांत खोकला फारसा नसतो. तेथे शेळी चरायला लागल्यावर तासाभरात तिची डावी कूस फुगते, ती दात खाते, वारंवार उठबस करते आणि रवंथ थांबवते. तिसऱ्या प्रकारात लेंड्यांचा आकार जाऊन शेणासारखा पो पडू लागतो, मागचे पाय घाण होतात, दूध कमी होते आणि अंग झडते. करडे असतील तर सकाळी त्यांतले एखादे गार पडलेले किंवा मेलेले सापडते.

ही लक्षणे नोंदवताना घड्याळाकडे अवश्य पाहावे, कारण लक्षण कोणत्या वेळी दिसते यावरूनच निम्मे कारण समजते. गोठ्यातून बाहेर पडण्यापूर्वीच खोकला असेल तर दोष बहुधा गोठ्याच्या हवेत असतो. सोडल्यानंतर एक-दोन तासांत पोट फुगले तर दोष चाऱ्यात किंवा उपाशीपोटी चरण्यात असतो. हगवण आणि अशक्तपणा कोणत्याही विशिष्ट वेळेशी जुळत नसेल, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढत गेला असेल, तर जंतांचा संशय घ्यावा. आठ दिवस एका वहीत शेळीची खूण, वेळ आणि लक्षण एवढे तीनच रकाने भरले तरी पुढचे काम फार सोपे होते. आजारी शेळी पाहायला मला कोणी बोलावले की मी प्रथम हीच माहिती विचारतो.

थंडी, दंव आणि हिम

या सगळ्या तक्रारींना आपल्याकडे सरसकट थंडी बाधली असे म्हटले जाते आणि त्यावर शेळ्यांना चारी बाजूंनी ताडपत्री लावून कोंडण्याचा उपाय केला जातो. माझ्या पाहण्यात या उपायाने तक्रार कमी होण्याऐवजी वाढलीच आहे. अंग कोरडे, पोट भरलेले आणि हवा मोकळी असली तर उस्मानाबादी किंवा गावठी शेळी आपल्याकडची थंडी सहज सोसते. बेळगावच्या पठारावर जानेवारीत दिवसाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि पहाटे ते १३-१४ अंशांपर्यंत, क्वचित १० अंशांच्याही खाली उतरते. धडधाकट शेळीला हा पारा घातक नाही. तिला घातक ठरतात त्या तीन गोष्टी म्हणजे ओले अंग, रिकामे पोट आणि कोंदट गोठा.

केसांच्या मुळाशी अडकलेल्या कोरड्या हवेच्या थरामुळे शेळीची ऊब टिकते. पोटाखालचे, पायांचे आणि तोंडाभोवतीचे केस दंवाने भिजले की हा थर नाहीसा होतो आणि शेळी जणू ओली वाकळ पांघरून रानात हिंडते. त्यातच वारा असला तर शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि ती भरून काढण्यात अंगातली ताकद खर्ची पडते. अशा ताण पडलेल्या शेळीच्या घशात एरवी निरुपद्रवी राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतात.

खरे हिम, म्हणजे गवतावर गोठलेले दंव, आपल्या भागात पडत नाही असे समजूनच चालावे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात आणि उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशांत तर हिम नित्याचेच असते. मात्र ज्या कारणाने तेथे हिम पडते त्याच कारणाने आपल्याकडे दाट दंव पडते. निरभ्र आणि निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, गवताचे पाते भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते आणि त्यावर बाष्प जमते. गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून खाली वाहत जाऊन भाताच्या खाचरांत, ओढ्याकाठी आणि खोलगट शिवारात साचते. म्हणूनच जांबोटी, कणकुंबीकडच्या दऱ्यांत किंवा मार्कंडेय नदीच्या काठी गवत ओले असते, त्या वेळी जवळचाच उंच माळ कोरडा झालेला आढळतो. पुढच्या तपासण्यांमध्ये हा फरक फार उपयोगी पडतो.

पहिली तपासणी : सोडण्याची वेळ

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. शेळ्या ज्या वेळी सोडल्या जातात त्याच वेळी त्या जेथे प्रथम तोंड घालतात तेथपर्यंत चालत जावे आणि गवताच्या बुडख्याशी तळहात फिरवावा. हात ओला झाला तर कळप अर्धा-पाऊण तास लवकर बाहेर पडतो आहे असे समजावे. शेंडे वाळलेले आणि बुडखे ओले, अशी स्थिती बराच वेळ राहते, त्यामुळे लांबून पाहून अंदाज करू नये.

बुडख्याच्या ओलाव्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण केवळ थंडी नाही. शेळ्यांच्या जठरात रक्त शोषणाऱ्या गोल जंतांची अंडी लेंड्यांतून जमिनीवर पडतात. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या पाण्याच्या पापुद्र्यातूनच हालचाल करू शकतात आणि गवत ओले असताना जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरपर्यंत वर चढून बसतात. ऊन चढले, पाते सुकले की त्यांची वर चढण्याची वाट बंद होते. पावसाळा संपला म्हणून जंतांचा हंगाम संपला, हा समज त्यामुळे अपुरा आहे. आपल्याकडे दिवसा पुरेशी ऊब असते आणि रोज पहाटे दंव पडते, तोवर नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यात हा धोका शिल्लक राहतो.

उपाय असा की सलग आठ दिवस शेळ्या साडेनऊ-दहाच्या आधी सोडू नयेत, प्रथम उंच माळावर न्याव्यात आणि ओढ्याकाठच्या किंवा खाचरातल्या चाऱ्याकडे दुपारी वळवाव्यात. संध्याकाळी अंग गार पडण्यापूर्वी, साधारण साडेपाचपर्यंत, कळप परत आणावा. चरण्याचे तास यामुळे कमी होतात ही गोष्ट खरी आहे, पण सात तास कोरड्या रानात चरलेली शेळी दहा तास ओल्यात हिंडलेल्या शेळीपेक्षा अधिक खाते, हे कोणत्याही कळपामागे चालून पाहता येईल.

अनेक घरांत अडचण वेगळी असते. शेळ्या राखणारी बाई नऊ वाजता भांगलणीला किंवा ऊसतोडीला जाणार असते, म्हणून कळप सातलाच सुटतो. अशा घरी शेळ्या सातला बाहेर काढाव्यात, पण गवतात न सोडता अंगणात किंवा चिंचेखालच्या कोरड्या, उघड्या जागेत बांधून त्यांच्यापुढे सुबाभूळ, शेवरी किंवा आंब्याच्या फांद्या उंच टांगाव्यात आणि नंतर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने किंवा शेजाऱ्याच्या कळपाबरोबर त्यांना रानात पाठवावे. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारे जनावर आहे. मान वर करून खाल्लेल्या पाल्यावर या अळ्या नसतात.

दुसरी तपासणी : सोडण्यापूर्वी पोटात काय आहे

सकाळी शेळीच्या डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ हलकेच दाबून ठेवावी. तेथे कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा पहिला मोठा कप्पा, असतो. निरोगी शेळीच्या कोठीपोटाची लाट मिनिटाला एक-दोनदा मुठीखाली जाणवते. खळगा खोल बसलेला असेल आणि लाट मंद असेल तर शेळी रात्रभर उपाशी राहिलेली आहे. भरलेल्या कोठीपोटात कोंड्या-काड्यांचे आंबणे चालू असते आणि त्यातून सतत उष्णता निर्माण होते. थंडीत शेळीला ऊब देणारी ती सगळ्यांत मोठी सोय आहे. धान्याचा भरडा लवकर पचतो आणि ऊब थोडाच वेळ टिकते, तर कडबा, भाताचे पिंजर, भुईमुगाचा वाळला पाला यांची ऊब रात्रभर पुरते. म्हणून थंडीत भरडा वाढवण्याआधी सुका चारा वाढवावा. तीस किलो वजनाच्या शेळीला दिवसाला सुमारे एक ते सव्वा किलो कोरड्या वजनाचा चारा लागतो. त्यापैकी तीनशे-चारशे ग्रॅम सुका चारा सकाळी सोडण्याआधी आणि तेवढाच रात्री दावणीला मिळावा.

सकाळच्या या मूठभर चाऱ्याचा दुसरा लाभ असा की शेळी रानात गेल्यावर हावऱ्यासारखी हिरव्यावर तुटून पडत नाही. पोट फुगण्याच्या बहुतेक घटना मला उपाशी सुटलेल्या कळपातच दिसल्या आहेत. नुसता भुईमुगाचा पाला देणे मात्र टाळावे. त्यात पिंजर किंवा ज्वारीचा कडबा मिसळावा. पाल्याला पांढरी किंवा काळी बुरशी लागलेली असेल तर तो गाभण शेळ्यांना तर अजिबात देऊ नये.

पाण्याचीही तपासणी याच वेळी उरकावी. सिमेंटच्या टाकीत रात्रभर राहिलेले पाणी पहाटे फार गार असते, शेळ्या त्याला तोंड लावून मागे हटतात आणि पाणी कमी पडल्याने सुका चाराही नीट पचत नाही. कूपनलिकेचे ताजे पाणी पहाटे कोमट लागते, तेच द्यावे. खच्ची केलेल्या बोकडांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे, कारण कमी पाणी पिण्याने त्यांना मूतखडा होण्याची भीती असते.

तिसरी तपासणी : शेळ्या नेमक्या कोठे चरतात

यासाठी एक दिवस स्वतः कळपामागे हिंडावे लागते. राखणाऱ्याला विचारून काम भागत नाही, कारण बांधावरून दोन घास घेतलेले तो सांगत नाही आणि पुष्कळदा त्याच्या लक्षातही आलेले नसते.

भातानंतर येळ्ळूर, वडगाव, कडोली या भागांतल्या काळ्या शिवारात मसूर, वाटाणा आणि हरभरा उभा असतो. कोवळी द्विदल पिके उपाशी शेळीने भराभर खाल्ली की कोठीपोटात फेस तयार होतो. साधा वायू ढेकर देऊन बाहेर पडतो, पण फेसात अडकलेला वायू वर येऊ शकत नाही, म्हणून पोट ढोलासारखे ताणते आणि फुप्फुसावर दाब येतो. शेळी उभी असेल, गिळू शकत असेल, तर मोठ्या शेळीला ५० ते १०० मिलीलिटर गोडेतेल सावकाश पाजावे. तेलाने फेस मोडतो. पाजताना तिचे तोंड पाठीच्या रेषेहून फार उंच करू नये आणि ती खोकली की लगेच थांबावे, नाहीतर तेल श्वासनलिकेत जाते. त्यानंतर पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी तिला उभी करून डावी कूस चोळावी. सुई किंवा सुरी खुपसून पोट फोडण्याचा उद्योग कोणीही करू नये.

खरिपाची ज्वारी कापल्यावर बुडख्यांना जे हिरवे फुटवे येतात ते त्याहून धोक्याचे आहेत. कोवळ्या, पाण्यावाचून खुरटलेल्या किंवा नव्याने फुटलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक असतो आणि ती खाऊन जनावरांना किराळ लागते. हिम पडणाऱ्या प्रदेशांत तर हिमाने करपलेल्या ज्वारीत हा धोका एकदम वाढतो, म्हणून तेथे अशा शेतात काही दिवस जनावरे सोडत नाहीत. किराळ लागलेली शेळी काही मिनिटांपासून तासाभरात धापा टाकू लागते, तोल जाऊन पडते, झटके देते. तिच्या डोळ्यांची आणि तोंडाची आतली त्वचा सुरुवातीला लालभडक दिसते. यावर घरगुती उतारा नाही. पशुवैद्यकाने शिरेतून दिलेले औषधच तिला वाचवू शकते आणि त्यालाही वेळ फार थोडा असतो. पूर्ण वाळलेल्या कडब्यात ही भीती राहत नाही.

निपाणीकडच्या शेतकऱ्यांनी तंबाखू काढलेल्या शेतातले फुटवेही टाळावेत. तेही विषारीच असतात. खानापूरच्या भातपट्ट्यात मात्र वेगळी गोष्ट पाहावी. पाणी साचणाऱ्या खाचरांत आणि पाटाच्या कडेला लहान गोगलगायी असतील तर तेथील गवतावर यकृतातल्या चपट्या कृमींची बाधा करणारी कवचे चिकटलेली असतात. याचा परिणाम लगेच दिसत नाही. डिसेंबरात खाल्लेल्या घासाचे फळ काही आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, झडलेले अंग आणि जबड्याखाली उतरलेले पाणी या रूपाने दिसते, आणि तोवर ते खाचर कोणाच्या आठवणीतही राहिलेले नसते.

चौथी तपासणी : गोठ्यातली हवा

पहाटे शेळ्या उठण्यापूर्वी गोठ्यात जावे, शेळीच्या नाकाच्या उंचीवर येईल असे उकिडवे बसावे आणि काही मिनिटे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, नाकाला झणका लागला तर मुतातून सुटणारा अमोनिया साचला आहे. उभे राहून वास घेतल्यास हे कळत नाही, कारण हा वायू जेथून निघतो ती ओली जमीन शेळीच्या तोंडाला लागून असते. अमोनियाने श्वासनलिकेचे आतले अस्तर सोलवटते आणि मग जंतूंना आत जायला आडकाठी उरत नाही. चारी बाजूंनी बंद केलेल्या गोठ्यात शेळ्यांच्या श्वासाचे बाष्पही अडकते, पहाटे पत्र्याला आतून थेंब धरतात आणि तेच थेंब शेळ्यांच्या पाठीवर ठिबकतात. बाहेरच्या दंवापासून वाचवायला म्हणून कोंडलेल्या शेळ्या अशा रीतीने आतच भिजतात, आणि हा प्रकार मी इतक्या गोठ्यांत पाहिला आहे की पत्र्याखालून हात फिरवून पाहण्याचा आग्रह मी प्रत्येकाला धरतो.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पूर्वेकडून येतो. त्या बाजूला आणि उत्तरेला जमिनीपासून शेळीच्या पाठीच्या वर हातभर उंचीपर्यंत पोत्यांचा किंवा तुऱ्हाट्यांचा आडोसा करावा. त्यावरची जागा छपरापर्यंत मोकळी ठेवावी. झोत अंगावर न येता वास आणि वाफ वरून निघून जाणे एवढेच साधायचे आहे. खाली भाताचे पिंजर अंथरावे, ओले झालेले रोज काढावे आणि आठवड्यातून एकदा जमिनीवर चुन्याची भुकटी टाकून मग नवे पिंजर घालावे. एका मोठ्या शेळीला सुमारे एक ते दीड चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे. गोठ्यात शेकोटी पेटवू नये. धुराने खोकला वाढतो आणि पिंजराला आग लागण्याचे भय वेगळेच.

पाचवी तपासणी : करडे आणि विण्याच्या बेतातल्या शेळ्या

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. मृगाच्या पावसानंतर हिरवा चारा मिळून माजावर आलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ऐन थंडीत वितात, म्हणून करडांची मर दरवर्षी याच दिवसांत होते. विण्याच्या बेतातली शेळी लांबच्या रानात नेऊ नये. जन्मलेले करडू ताबडतोब कोरड्या कापडाने पुसावे, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चीक पाजावा. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या सुमारे एक दशांश चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला तो सुमारे दोनशे मिलीलिटर होतो आणि तीन-चार वेळा विभागून द्यावा लागतो.

गार पडलेले करडू सापडले तर घाईने दूध ओतू नये. तोंडात बोट घालून पाहावे. तोंड आतून गार असेल तर त्याची आतडी काम करत नाहीत आणि पाजलेले दूध फुप्फुसात जाण्याचीच शक्यता अधिक. प्रथम त्याला कोरडे करून, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवून ऊब द्यावी, ते मान धरू लागले आणि चोखू लागले की मग चीक द्यावा. दीड-दोन महिन्यांपर्यंत करडांना कळपाबरोबर दंवात नेऊ नये. एक ते चार महिन्यांच्या करडांना ओल्या, गर्दीच्या जागेत रक्तमिश्रित हगवण लागली तर तो कॉक्सिडिया या परजीवीचा आजार असू शकतो. जंताच्या नेहमीच्या औषधाने तो बरा होत नाही.

सहावी तपासणी : थर्मामीटर आणि पापणी

येथपासून थोडा खर्च येतो. औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल थर्मामीटर जनावरांसाठी वेगळा ठेवावा, त्याला खोबरेल तेल लावून गुदद्वारात अलगद घालावा आणि टोक आतल्या भिंतीला टेकेल असा तिरका धरावा. शेळीचे नेहमीचे तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. मोजमाप सकाळी, ऊन लागण्यापूर्वी करावे. उन्हात उभ्या असलेल्या शेळीचा आकडा फसवतो. ताप नसताना नुसते पाणी गळणारे नाक असेल तर पहिल्या चार तपासण्यांतले उपाय करून दोन-तीन दिवस थांबता येते. ताप १०४.५ च्या वर असेल तर थांबता येत नाही.

त्यानंतर डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग उजेडात पाहावा. लाल किंवा गडद गुलाबी रंग चांगला. फिकट गुलाबी रंग काळजीचा. पांढरा रंग म्हणजे रक्त कमी झाले आहे आणि जंतांनी बरेच नुकसान केले आहे. सगळा कळप याच रीतीने पाहिला तर असे आढळते की पांढऱ्या पापणीच्या शेळ्या थोड्याच असतात आणि बहुतेक अळ्यांचा प्रसार त्यांच्याकडूनच होत असतो.

सातवी तपासणी : लेंड्या आणि लसी

चार-पाच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी सरकारी पशुचिकित्सालयात द्याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंत, चपटे कृमी की कॉक्सिडिया हे कळल्यावरच औषध ठरवावे, कारण तिन्हींची औषधे वेगळी आहेत. दुकानातून आणलेली एकच बाटली दर महिन्याला, वजन न करता, सगळ्या कळपाला घोट-घोट पाजल्याने जंत त्या औषधाला जुमानेनासे होतात. गाभण शेळ्यांच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. त्याने गर्भात व्यंग येऊ शकते. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासून घ्याव्यात, म्हणजे ते लागू पडले की नाही हे समजते.

लसींची नोंद याच फेरीत विचारून घ्यावी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथीच्या रोगाची लस तीन महिन्यांवरच्या शेळ्यांना देतात आणि तिचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. भारतात हा रोग १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळला आणि आज तो देशभर आहे. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस साधारणपणे पावसाळ्यापूर्वी देतात, पण हिवाळ्यात अचानक भरडा वाढवल्यावर किंवा कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य खाऊन धष्टपुष्ट शेळी रातोरात मेली तर ती लस चुकली होती का हे पाहावे. धनगरांचे कळप हिवाळ्यात खाली उतरून शेतांत बसतात, चंदगडकडची जनावरेही सीमा ओलांडून इकडच्या रानात येतात; त्यांच्याशी आपला कळप एकाच पाणवठ्यावर मिसळत असेल तर लस झालेली असणे अधिकच गरजेचे ठरते.

कोठे थांबावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे

शेळी तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा श्वासाबरोबर कण्हत असेल, तापमान १०४.५ च्या वर किंवा १०० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल. फुगलेले पोट तेल पाजल्यावर अर्ध्या तासात उतरले नसेल किंवा ती आडवी पडली असेल. किराळीचा नुसता संशय असेल. जबड्याखाली पाणी उतरले असेल किंवा पापणी पांढरी असेल. यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी घरचे सर्व प्रयोग तेथेच थांबवावेत. उरलेले प्रतिजैविकाचे इंजेक्शन शेजाऱ्याकडून आणून टोचू नये, कारण अर्धवट मात्रेने ताप दबतो, फुप्फुसातला आजार चालूच राहतो आणि डॉक्टरांना नेमके निदान करणे कठीण जाते.

दोन-तीन दिवसांत एकाहून अधिक शेळ्यांना ताप, डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव, तोंडात व्रण आणि हगवण दिसली तर पीपीआरचा संशय घ्यावा. ओठांवर नुसत्या खपल्या असून शेळी बाकी चांगली असेल तर तो मावा हा तोंडाचा विषाणूजन्य रोग असू शकतो, पण हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. आजारी शेळ्या वेगळ्या बांधाव्यात, कळप रानात सोडणे बंद करावे आणि एकही शेळी आठवडी बाजारात नेऊ नये. शेळी गाभटली तर वार किंवा गर्भ उघड्या हाताने उचलू नये, कारण काही सांसर्गिक गर्भपातांचे जंतू माणसालाही बाधतात. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर ते सोलू नये, फाडू नये, ओढत नेऊ नये. फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरून आधी डॉक्टरांना कळवावे.

फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोन लागल्यावर सर्वप्रथम जिल्हा, तालुका आणि गाव सांगावे, मग किती शेळ्या आजारी आहेत, ताप किती आहे, गेल्या दोन दिवसांत त्यांनी काय खाल्ले आणि घरी काय पाजले, हे क्रमाने सांगावे. खानापूरच्या आतल्या वाड्यांवर फोनला रेंज नसेल तर ही माहिती कागदावर लिहून रेंज असलेल्या ठिकाणी जाणाऱ्या माणसाकडे द्यावी. कन्नड नीट येणाऱ्या कोणाला बरोबर पाठवता आले तर अधिक बरे. पथक येईपर्यंत शेळीला कोरड्या आडोशाला, छातीवर बसलेल्या स्थितीत ठेवावे आणि तिला काहीही पाजू नये.